मु. पो. कँटरबरी, ता. शिरोळ

इंग्रजीच्या प्राध्यापकांच्या चर्चासत्रात पहिल्या चहाच्या आधी एक उसासा ठरलेला असतो. "आमची मुलं ग्रामीण भागातली. शिरोळ, कुरुंदवाड, नृसिंहवाडी असल्या गावांतून एसटीने येणारी. त्यांना चॉसर शिकवायचा तरी कसा? वातावरणच परकं!" या एका उसाशावर आजवर कितीतरी शोधनिबंध वाचले गेले. त्यातून विद्यार्थ्यांच्या अडचणी दूर झाल्या की नाही हे सांगणे कठीण, पण निबंध वाचणाऱ्यांच्या पदोन्नतीतल्या अडचणी बऱ्याच अंशी दूर झाल्या असाव्यात. माझे म्हणणे मात्र नेमके उलटे आहे. इंग्रजी साहित्यातले वातावरण समजून घ्यायला लंडनच्या पोरापेक्षा वाडीचे, म्हणजे नृसिंहवाडीचे, पोर जास्त लायक आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, दत्तमहाराजांच्या पादुकांच्या गावात, जो वाढला त्याला त्या साहित्यातली माणसे, नद्या आणि भानगडी घरच्याच वाटायला हव्यात. आता तशा त्या वाटत नाहीत, हे खरे. पण त्याचा दोष वाडीकडे जात नाही आणि चॉसरकडेही जात नाही. दोघांच्या मध्ये जी उत्तरपत्रिका येते तिच्याकडे तो जातो. हे नुसते ठोकून दिलेले विधान वाटू नये म्हणून पुरावे देतो.

पहिला पुरावा चॉसरचाच, कारण उसासा त्याच्याच नावाने सुरू होतो. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये घडते काय, तर सुमारे तीस माणसे लंडनजवळच्या एका खानावळीत जमतात आणि ११७० मध्ये मारल्या गेलेल्या थॉमस बेकेट या संताच्या समाधीच्या दर्शनाला निघतात. त्यांत एक वैद्य आहे. त्याचे सोन्यावर फार प्रेम, कारण सोने हृदयाला औषधी असते. एक वकील आहे, तो कामात असतोच, पण असतो त्याहून जास्त कामात दिसतो. दळणातले धान्य मारणारा चक्कीवाला आहे. डुकराची हाडे संतांच्या अस्थी म्हणून खपवणारा एक इसम आहे. पाच लग्ने केलेली, तीनदा जेरुसलेमची यात्रा करून आलेली, कानाने कमी ऐकणारी आणि त्याची भरपाई तोंडाने करणारी एक बाई आहे. पौर्णिमेच्या दिवशी वाडीच्या एसटी स्टँडपासून देवळाच्या पायऱ्यांपर्यंत जो एकदा चालला आहे, त्याला यातले कोण परके? सगळ्यांत ओळखीचा तर खानावळीचा मालक हॅरी बेली. तो सुचवतो की वाटेत प्रत्येकाने गोष्टी सांगाव्यात, जाताना दोन, येताना दोन. ज्याची गोष्ट सरस त्याला बाकीच्यांनी मिळून जेवण द्यावे. जेवण कुठे? अर्थात हॅरीच्याच खानावळीत. परीक्षक कोण? तोही हॅरीच. यातला व्यवहार ऑक्सफर्डच्या पोराला तळटीप देऊन समजवावा लागत असेल. पण 'चपला इथे फुकट ठेवा' म्हणणाऱ्या दुकानदाराकडून परतताना पेढ्याचा पुडा आणि कवठाची बर्फी घेऊनच निघावे लागते, हे ज्याला पाचव्या वर्षी कळले त्याला तळटीप कशाला? जाता जाता सांगायचे तर, ठरल्याप्रमाणे सव्वाशेच्या आसपास गोष्टी व्हायला हव्या होत्या, झाल्या चोवीस. अभ्यासक्रम पुरा न होण्याची परंपरा इंग्रजी साहित्यात किती जुनी आहे, हेही यावरून दिसते.

यावर पहिला आक्षेप भाषेचा येईल. माणसे ओळखीची असतील, पण सहाशे वर्षांपूर्वीची इंग्रजी या पोरांना कशी झेपावी? तर ती लंडनलाही झेपत नाही. तिथली मुलेसुद्धा आधुनिक इंग्रजीतले भाषांतर शेजारी ठेवूनच मूळ चॉसर वाचतात. उलट वाडीचे पोर जन्मापासून गुरुचरित्राच्या ओव्या ऐकत असते. तीही काही शतकांपूर्वीची मराठी, आणि तिथे कोणी शब्दकोश घेऊन बसत नाही. जुनी भाषा अर्धी कळली तरी कानाने धरून पुढे जायचे असते, अर्थ मागून येतो, ही सवय ज्याला लागली त्याला मध्ययुगीन काव्याची निम्मी तयारी झालेलीच असते. आणखी एक गंमत अशी की त्या ग्रंथाचा कर्ता सरस्वती गंगाधर मूळचा कन्नडभाषक असल्याचे परंपरा मानते. आपल्याला मराठी नीट येत नाही, असे त्याने ग्रंथातच सांगून टाकले आहे. म्हणजे दत्तभक्तांत घरोघर वाचला जाणारा मराठी ग्रंथ अशा माणसाने लिहिला, जो आज एखाद्या मुलाखतीला बसला असता तर 'भाषिक पार्श्वभूमी अपुरी' या शेऱ्यानिशी घरी गेला असता. परक्या भाषेत लिहिण्याला घाबरावे अशी या नदीकाठची रीतच नाही.

दुसरा पुरावा पुराचा. जॉर्ज एलियट या लेखिकेची 'द मिल ऑन द फ्लॉस' ही कादंबरी १८६० ची. तिच्या शेवटी फ्लॉस नदीला पूर येतो आणि मॅगी आणि टॉम ही बहीणभावंडे त्यात बुडतात. हेन्री जेम्ससारख्या मोठ्या कादंबरीकाराने या शेवटावर नाक मुरडले. वाचकाची काही तयारी न करता पूर अंगावर सोडला, अशी त्याची तक्रार. आता वाडीतून या तक्रारीकडे पाहा. इथे पूर हा शेवटच्या प्रकरणात येणारा पाहुणा नव्हे. तो पहिल्या पावसापासून घरातल्या बोलण्यात असतो. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांइतके पाठ. कोयनेतून किती सोडले, अलमट्टीतून पुढे किती गेले, यावर पारावर होणारी चर्चा ऐकली तर जलसंपदा विभागाने टिपणे काढावीत. पाणी चढत पादुकांवरून वाहिले आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडले की तो दक्षिणद्वार सोहळा, लोक त्यात स्नानाला धावतात. आणखी चढले की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलते आणि नित्यक्रम तिथे चालू राहतो. २००५, २०१९ आणि २०२१ साली पाण्याने सोहळ्याची मर्यादा ओलांडली तेव्हा काय झाले, हेही गावाने भोगले आहे.

असा वाचक एलियटकडे वळला म्हणजे त्याला दोन गोष्टी दिसतील. एक, कादंबरीच्या पहिल्याच भागात लेखिकेने त्या गावच्या संताची कथा सांगून ठेवली आहे. वादळी रात्री इतरांनी नाकारलेल्या एका गरीब बाईला ऑग नावाचा नावाडी नदीपार नेतो, ती बाई म्हणजे साक्षात मेरीमाता निघते, आणि पुढे दर पुरात त्याची नाव पाण्यावर दिसते असे लोक मानतात. नदीकाठच्या गावात नदीच्या संताची कथा कोणी शोभेसाठी सांगत नाही, हे वाडीकराला सांगावे लागत नाही. पूर तिथेच, पहिल्या भागात, सुरू झाला होता. हेन्री जेम्सचा जन्म न्यूयॉर्कचा, त्याला ते उमगले नसेल तर समजून घ्यायला हवे. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. मॅगी नाव वल्हवत येते तेव्हा टॉम गिरणीच्या घरात वरच्या मजल्यावर असतो. वरच्या मजल्यावर असलेल्या धडधाकट माणसाला खाली उतरवून, वाहत्या ओंडक्यांच्या भर प्रवाहात न्यायचे? शिरोळ तालुक्यातले कोणतेही शेंबडे पोर विचारेल, "वर थांबायला काय झालं होतं?" या एका प्रश्नातून शोकात्म शेवट, लेखिकेचा हेतू आणि वास्तवाचा आग्रह या तिन्हींवर चर्चा करता येते. तो खरा समीक्षेचा प्रश्न आहे. पण प्रश्नपत्रिकेत विचारले जाते, 'कादंबरीतील नियतीचे स्थान स्पष्ट करा', आणि उत्तरात नियतीचे पाच मुद्दे येतात. पाण्याची पातळी कोणीच लिहीत नाही.

हे पाच मुद्दे कुठून येतात? गाईडमधून. इथे वाडीच्या परंपरेशी एक तुलना करावीच लागते. गुरुचरित्राचे पारायण सात दिवसांचे. कुठल्या दिवशी किती अध्याय हे ठरलेले, खाण्यापिण्याचे आणि झोपण्याचे नियम ठरलेले. ज्याला एवढे जमत नाही त्याच्यासाठी ग्रंथाच्या शेवटी अवतरणिका आहे. त्यात सगळ्या अध्यायांचा सारांश. रोज तेवढी वाचली तरी चालते, असे श्रद्धाळू मानतात. आमच्या इंग्रजी साहित्याच्या पदवीचा अभ्यासही हुबेहूब असाच चालतो. तोही सप्ताहच असतो, परीक्षेच्या आधीचा. जागरण असते, एकभुक्त राहणे असते, उदबत्तीच्या जागी झेरॉक्सचा वास असतो आणि फलश्रुती निकालाच्या दिवशी. फरक एवढाच की इथे मूळ ग्रंथ कोणी उघडतच नाही, सगळे पारायण अवतरणिकेचे. देवळात अवतरणिका वाचणारा भाविक निदान आपले पारायण झाले असे सांगत फिरत नाही, आणि कोणाकडे पदवीही मागत नाही.

गाईडला सरसकट झोडपणे मात्र अन्यायाचे होईल, कारण एका जुन्या कोड्याचे उत्तर त्याने शोधले आहे. इंग्रजी साहित्य हा पदवीचा विषय म्हणून ऑक्सफर्डने स्वीकारला तो १८९४ साली. त्याआधी १८८७ मध्ये तिथले इतिहासाचे प्राध्यापक फ्रीमन यांनी जोरदार विरोध केला होता. त्यांचा मुद्दा साधा होता. अभिरुचीची परीक्षा घेता येत नाही. एखाद्याला कविता भिडली की नाही याला गुण कसे देणार? सगळे ऑक्सफर्ड या प्रश्नाने अडखळले. आम्ही अडखळलो नाही. भिडण्याचा भागच वगळला की प्रश्न मिटतो, हे आम्ही ओळखले. 'निसर्गप्रेम', 'साधी भाषा', 'कल्पनाशक्ती', 'मानवतावाद' आणि वेळ उरला तर 'संगीतमयता' असे मुद्दे एकदा छापून ठेवले की कोणताही कवी कोणत्याही वर्षी चालतो. परीक्षकालाही सोपे, कारण उत्तर त्याने आधी चारशे वेळा वाचलेले असते. फ्रीमनसाहेबांना हे दिसले असते तर त्यांनी विरोध मागे घेतला असता, किंवा इतिहासही सोडला असता.

इथे एक जाणता वाचक हात वर करील. म्हणेल, हे सारे ठीक, पण मुळात आपण इंग्रजी साहित्य शिकावेच कशाला? मेकॉलेने १८३५ मध्ये कारकून तयार करण्यासाठी रुजवलेले रोप ते. वाडीच्या पोराने आपले वाचावे. हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याला पुष्टी देणारी माहितीही आहे. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की इंग्रजी साहित्य हा शिकवण्याचा विषय म्हणून इंग्लंडच्या आधी हिंदुस्थानात पक्का झाला, आणि त्यामागे राज्यकर्त्यांचे हिशेब होते. पण हिशेब त्यांचे असले तरी शिल्लक कोणाकडे राहिली तेही पाहावे. वाडीच्या वरच्या अंगाला, सांगलीजवळ हरिपूर आहे. तिथे वारणा कृष्णेला मिळते आणि तेच पाणी पुढे वाडीला येते. त्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. त्यांनी शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला १८९० मध्ये. आगरकरांनी हॅम्लेटचे 'विकारविलसित' केले त्याच्याही आधी, १८८३ मध्ये. म्हणजे शेक्सपिअर हा पदवीला लावण्याच्या लायकीचा आहे की नाही यावर ऑक्सफर्डात खल चालला होता, तेव्हा तो आमच्याकडे मराठी बोलायला लागलाही होता. आणि बोलायला लावणाऱ्यांनी साहेबाची परवानगी विचारली नव्हती.

देशीपणाचा मुद्दा आणखी पुढे नेला तर तो आपल्याच पायात अडकतो. मराठीला ज्ञानपीठ मिळाले चौघांच्या हातून. वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे. यांतले दोघे, विंदा आणि नेमाडे, महाविद्यालयांत इंग्रजी शिकवून पोट भरत होते. देशीवादाचे सगळ्यांत खणखणीत प्रवक्ते नेमाडे गोवा विद्यापीठातल्या इंग्रजी विभागाचे प्रमुख होते, हे विसरून कसे चालेल? जी. ए. कुलकर्ण्यांनी धारवाडला वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवले आणि घरी येऊन मराठी कथा लिहिल्या. सांगलीच्या विलिंग्डन आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले इंग्रजीचे प्राध्यापक वि. कृ. गोकाक यांना ज्ञानपीठ मिळाले ते कन्नडसाठी. तेव्हा इंग्रजी विभाग हा परकीय सत्तेचा किल्ला असेल, पण त्याच्या तिजोरीतून पगार उचलून देशी भाषांची कामे गुपचूप चाललेली दिसतात. इतकी यशस्वी फितुरी दुसऱ्या कोणत्याही खात्यात सापडणार नाही.

उरला तिसरा आक्षेप, जो वडीलमंडळींचा असतो आणि म्हणून सगळ्यांत मोठ्या आवाजात येतो. "इंग्रजी घेऊन बी.ए. करून पुढे काय?" पुढचा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. एम.ए., बी.एड., मग नेट-सेट, मग तासिका तत्त्वावर नेमणूक, आणि मग लग्नाच्या बाजारात 'प्राध्यापक' या शब्दामागे दडलेले 'तात्पुरते' कोणी विचारू नये म्हणून प्रार्थना. यावर माझ्याकडे उपाय नाही, पण एक दाखला आहे. इंग्रजी काव्याचा जनक म्हणतात तो चॉसर १३७४ पासून लंडन बंदरात लोकर आणि कातड्यांच्या जकातीवर नियंत्रक होता. सरकारी नोकरी, हिशेबाच्या वह्या, वर राजाकडून रोज एक घागर दारू. काव्य त्याने फावल्या वेळात केले. तेव्हा स्पर्धा परीक्षेच्या मागे लागलेल्या मुलाने चॉसर वाचू नये असे म्हणणे म्हणजे जकात अधिकाऱ्याने चॉसर होऊ नये असे म्हणण्यासारखे आहे. घागरीबद्दल वित्त विभागाचा अभिप्राय घ्यावा लागेल, बाकी योजना व्यवहार्य आहे.

आता उत्तरपत्रिकेचा हा कारभार दुरुस्त करायचा कसा? त्यासाठी साहित्याबरोबर लेखनही शिकवले पाहिजे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने १९३६ मध्ये लेखकांची कार्यशाळा काढली, इंग्लंडात ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० मध्ये सर्जनशील लेखनाचा अभ्यासक्रम सुरू केला. इयन मॅक्युअन आणि काझुओ इशिगुरो तिथलेच. आपल्याकडेही ही हवा आली. पण हवा उत्तरपत्रिकेत शिरली की काय होते ते ठाऊक असल्याने आश्चर्य वाटत नाही: 'सर्जनशील लेखनाची व्याख्या देऊन वैशिष्ट्ये सांगा.' कथा कोणी लिहायची नाही, कथा म्हणजे काय तेवढे लिहायचे. माझी सूचना साधी आहे. शिरोळ तालुक्यातल्या मुलांना चॉसरच्या प्रश्नाऐवजी एक काम द्यावे. पौर्णिमेला वाडीच्या स्टँडवर सकाळपासून धूपारतीपर्यंत बसा आणि भेटलेल्या यात्रेकरूंपैकी एकाचे वर्णन दोन पानांत करा. मराठीत करा, इंग्रजीत करा, पण त्याचा डबा, त्याच्या चपला, त्याचा नवस आणि त्याचा खोटेपणा दिसला पाहिजे. मग चॉसरचा वकील वाचा आणि त्याने दोन पानांचे काम दोन ओळींत कसे केले ते सांगा. ज्याने आधी स्वतः लिहून पाहिले आहे, त्यालाच चॉसरचा मोठेपणा कळेल. गाईडमधल्या 'सूक्ष्म निरीक्षण' या मुद्द्याने तो आजवर कोणाला कळलेला नाही.

बहिःस्थ परीक्षक म्हणतील, याला आदर्श उत्तर नाही, गुण कसे द्यायचे? प्रत्येक उत्तर वाचावे लागेल! हा आक्षेप मी सगळ्यांत गंभीर मानतो, कारण तो एकटाच खरा आहे. बाकी सारे आक्षेप साहित्याविषयी होते, हा श्रमाविषयी आहे. त्यावर तोडगा माणसे आपोआप काढतील. पहिल्याच वर्षी मुले विचारतील, "सर, याचं गाईड कधी येणार?" आणि दुसऱ्या वर्षी ते बाजारात येईलच: 'वाडीचे यात्रेकरू: संभाव्य वर्णने, उत्तरांसह'. माझी त्याला मुळीच हरकत नाही. ते गाईड लिहायला कोणाला तरी पौर्णिमेला स्टँडवर बसावे लागेल, चॉसर उघडून वकिलाच्या त्या दोन ओळी वाचाव्या लागतील, मग आपली दोन पाने खोडून पुन्हा लिहावी लागतील. निदान एका माणसाचा इंग्रजी साहित्याचा अभ्यास तरी पुरा होईल, आणि सध्याच्या हिशेबाने पाहता एका तालुक्याला एक म्हणजे प्रगती वाईट नाही.